काळ्या कातळाची तांबडी लेक

पावसाळ्यात कोकणात दोन पावलं चाललात, तरी पायजम्याच्या पोटऱ्यांवर तांबडे शिंतोडे उडतात आणि कितीही घासले तरी डाग पुरता जात नाही. घाट चढून देशावर जा, तिथे चपलेला चिकटते ती काळी माती. रंग वेगळे, पण आई एकच: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट.

लेकी वेगळ्या झाल्या त्या मुख्यतः पावसामुळे. देशावर पाऊस बेताचा. खडक कुजला तरी सिलिका, चुना, मॅग्नेशियम बरंचसं जागेवरच राहिलं. त्यातून ओलीत फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी चिकणमाती झाली. कोकणात मात्र चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर दमट उष्मा. युगानुयुगं हे चाललं आणि विरघळणारं सारं धुऊन गेलं. मागे उरलं न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजलं, माती तांबडी झाली. हाच थर सड्यांवर घट्ट बसला, तो जांभा.

शास्त्रीय नाव मात्र केरळातलं. १८००-०१ मध्ये म्हैसूर-मलबारच्या दौऱ्यावर निघालेल्या फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने अंगाडीपुरमजवळ पाहिलं, की हा दगड खाणीत मऊ असतो, लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि वारा लागला की टणक होतो. तिथले लोक त्याला ‘विटेचा दगड’च म्हणत. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लेटर’. १८०७ च्या ग्रंथात बुकॅननने नाव दिलं लॅटेराइट. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिरेखाणी आजही याच गुणावर चालतात. ताज्या चिऱ्यावर नजर टाका: जाळीदार भोकं, आत पिवळट माती.

भोकांचा हाच वारसा मातीलाही आहे. पाणी साचत नाही, म्हणून हापूस आणि काजू मानवतात. पण अन्नही टिकत नाही. माती आम्ल, नत्र कमी, आणि घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियम अडकवून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही.

तेव्हा बागेतला पाला गोळा करून काडी लावू नका. तो झाडाच्या आळ्यात कुजू द्या. पावसाने या मातीतून फार नेलं आहे; उरलेलं आपण जाळायला नको.