फूट एक, मापे अनेक

नागपूरहून दक्षिणेस जाताना वाटेत हिंगणघाट लागते. कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लॅम्ब्टन याची कबर आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ पोलादी साखळीने पायारेषा मोजण्यास आरंभ केला. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून तो त्याची नोंद करी. त्रिकोणास त्रिकोण जोडीत मोजणी उत्तरेकडे सरकली. नागपूरकडे निघालेला लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला.

त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. १८३० साली त्याने पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या २,०९,२२,९३१.८ फूट दिली. पण हा फूट कोणता? तो 'भारतीय फूट' होता आणि मीटरमध्ये त्याचे मूल्य वेळोवेळी निरनिराळे ठरले. १९३७ साली ते ०.३०४७९८४१ मीटर, तर १९७५ साली ०.३०४७९९५ मीटर धरले गेले. फरक केसाहूनही बारीक! परंतु त्यास दोन कोटींनी गुणले की पहिल्या मापाने त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर येते, तर दुसऱ्याने ६३,७७,२९९ मीटर. पृथ्वी तीच, आकडा तोच. अंतर मात्र २३ मीटरांचे!

म्हणूनच आज नकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत भारतीय फुटाची सालवार वेगवेगळी मूल्ये नोंदलेली असतात. या बाबतीत हयगय झाली की काय होते, हे २३ सप्टेंबर १९९९ रोजी जगाने पाहिले. अमेरिकेचे मंगळयान नष्ट झाले. कारण एका प्रणालीने आवेग पौंड-सेकंदांत दिला व दुसरीने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला. चूक सुमारे साडेचार पटींची होती.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंची परिमाणे जुळली पाहिजेत, हे फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ सालीच सांगितले होते. मॉडेलिका यासारख्या संगणकीय भाषांत आता प्रत्येक राशीसोबत तिचे एकक लिहिता येते. मीटरमध्ये सेकंद मिळवले तर चूक पकडता येते. मात्र १९३७ चा फूट आणि १९७५ चा फूट ही दोन्ही लांबीचीच मापे! त्यांतील कोणते घ्यावयाचे, हे यंत्रास माणसानेच सांगावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून गुरुजी गुण कापतात, तेव्हा रुसू नका. एककावाचून आकडा म्हणजे गावाच्या नावावाचून पत्ता होय.