भोगवर्धनचे मणिकार

केळणा नदीकाठचे भोकरदन १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत औरंगाबादच्या दप्तरात मोडत असे. परंतु सातवाहनांच्या काळी हेच स्थळ भोगवर्धन या नावाने इतके संपन्न होते की, सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्या येथील रहिवाशांनी आपल्या गावाचे नाव तेथील शिळांवर कोरवून ठेवले. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती हाती आली, आणि इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरातील हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य दिसताच विद्वानांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले, हे स्वाभाविकच होते. तथापि त्याच मातीतून निघालेल्या अकीकाच्या मण्यांना त्या कीर्तीचा न्याय्य हिस्सा मिळाला नाही, असे मला मनापासून वाटते.

हा दगड या मुलखाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे पसरलेल्या लाव्हारसात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक साकळला. पैठणहून असे दगड विपुल प्रमाणात गाड्यांवर घालून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास नेत, हे 'पेरिप्लस'च्या ग्रीक कर्त्याने नोंदवले आहे.

त्या दगडाच्या काठिण्याचे कारण मात्र १९१६ साली गिल्बर्ट ल्युईस या अमेरिकी रसायनज्ञाने मांडलेल्या विचारानेच उलगडू लागले. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. परंतु पुष्कळ अणू असे दान न करता, दोन शेजाऱ्यांची विहीर सातबाऱ्यावर सामाईक लागावी त्याप्रमाणे, प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घालून झालेली जोडी दोघांच्याही हिशेबी धरतात, हे त्याचे प्रतिपादन होय. १९२७ साली हाइटलर आणि लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूवरून दाखवले की, ही जोडी दोन अणुकेंद्रांच्या दरम्यान वावरत असल्यामुळे दोन्ही केंद्रे तिच्याकडे ओढली जातात, आणि बंध टिकतो तो त्या ओढीने. अकीकात सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजनांशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांशी अशी भागी करतो. त्यामुळे वेगवेगळे सुटे रेणू उरतच नाहीत, सगळ्या स्फटिककणभर एकच अखंड जाळे विणले जाते, आणि ते ना पावसात विरघळते, ना मातीत कुजते. हस्तिदंतातील प्रथिनांचे दुवेही सामाईक इलेक्ट्रॉनांचेच असतात. पण पाणी आणि सूक्ष्म जीव ते हळूहळू तोडतात, म्हणून मूर्ती जिथे जीर्ण होते तिथे मणी तसाच निघतो.

मणिकाराला झुंजावे लागे ते या जाळ्याशी. खंबायतच्या कारागिरांत आजही जी रीत आहे तीवरून त्या हिकमतीची कल्पना येते: दगड प्रथम मंद आचेत भाजायचा, म्हणजे त्यातील लोहाचे जलयुक्त संयुग पाणी सोडून लाल होते आणि सिलिकाचे जाळे मात्र शाबूत राहते, मग लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके उडवायचे, आणि नंतर घासून आकार द्यायचा. खरी कसोटी वेज पाडताना लागे, कारण अकीकावर लोखंडाची सुई नुसती घसरते. त्यासाठी हिऱ्याचा कण जडवलेले सामते वापरीत. हिऱ्यात कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉनांची भागी करतो आणि ती वीण अकीकाच्या विणीपेक्षाही घट्ट असते. पश्चिम भारतातील कारागिरांनी ही निवड कोणत्याही सिद्धांतावाचून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताच्या अनुभवावरून, ल्युईसच्या कित्येक शतके आधी केली होती. आणि म्हणून सातवाहनकालीन उद्योगांचा इतिहास लिहिताना हस्तिदंताच्या शेजारी अकीकाच्या मण्यालाही स्वतंत्र प्रकरण मिळावे, असा माझा आग्रह आहे.