पहूर ते युरोप : परदेशातल्या संसाराचा इतिहास

मराठी माणूस अठराव्या शतकातच युरोपात पोहोचला, पण मराठी जोडप्याची चूल तिथे पेटायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली. विलायतेला जाणे पुरुषाचे काम आणि त्याची वाट पाहणे बायकोचे, अशी वाटणी दीर्घकाळ होती. ती कशी मोडली, हे तीन गोष्टींवरून कळते: प्रवासाची आणि पत्राची गती, स्वयंपाकघर आणि सरकारी कागद. जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील पहूरसारख्या गावातून युरोपाकडे पाहिले, की या तिन्हींचा परिणाम स्पष्ट दिसतो.

पहूर वाघूर नदीकाठी आहे. अजिंठ्याची लेणीही याच नदीच्या वरच्या खोऱ्यात कोरलेली आहेत. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती इथे नांदतात, आणि जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता गावातून जातो. खान्देशातील माणसांच्या आधी इथला कापूस युरोपात पोहोचला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्या वेळी मुंबई बंदरातून कापसाची निर्यात एकदम वाढली आणि खान्देशातील काळी जमीन लिव्हरपूलच्या बाजारभावाशी बांधली गेली. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि खान्देश व युरोप यांच्यातील अंतर महिन्यांवरून आठवड्यांवर आले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे झाली, तेव्हा शेंदुर्णी आणि पहूर या गावांनाही स्टेशन मिळाले. पहूरच्या फलाटावर चढलेला माणूस पाचोऱ्याला गाडी बदलून मुंबईला आणि तिथून बोटीने मार्सेयला जाऊ शकत होता. मात्र बरोबर बायको असावी, असे अजून फारसे कोणाच्या मनात नव्हते.

सुरुवातीचे प्रवासी राजकारणासाठी गेले. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील हणमंतराव लंडनला पोहोचले. ते ब्राह्मण होते आणि दुसऱ्याच्या हातचे खात नसत. तेव्हा एडमंड बर्क या संसदपटूने बीकन्सफील्डच्या आपल्या वाड्यातील काचघर त्यांना दिले. तिथे ते स्वतः रांधून जेवत. विलायतेतील मराठी स्वयंपाकाची ही आरंभीची नोंद आहे आणि तीत बाईचा हात नाही. पुढे साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते गादीची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, म्हणजे तेरा-चौदा वर्षे, तिथेच राहिले. एवढ्या काळात त्यांचे घर मात्र साताऱ्याकडेच होते. समुद्रोल्लंघन कलिवर्ज्य मानले जाई आणि परतणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. पुरुष प्रायश्चित्त घेऊन पंक्तीत परत बसू शके. बाईने समुद्र ओलांडला, तर घरातल्या सोवळ्याचाच प्रश्न उभा राही.

ही चौकट राजघराण्याने सैल केली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ मध्ये मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी झाला. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा तयार होईपर्यंत हा तालुका खान्देशातच मोडत असे. १८८७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते युरोपात गेले, तेव्हा महाराणी चिमणाबाई त्यांच्याबरोबर होत्या. महाराणी पडदा पाळत असल्याने स्वयंपाकी आणि नोकरचाकर यांचा लवाजमाही सोबत होता. तिथे नवीन घर मांडण्यापेक्षा बडोद्याचा वाडाच त्यांनी सोबत नेला. पण पुढच्या अनेक प्रवासांत चिमणाबाई युरोप निरखून पाहत राहिल्या. १९११ मध्ये लंडनहून त्यांनी एका सहलेखकाबरोबर भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य स्त्रिया कोणकोणते व्यवसाय करतात आणि त्यांतून हिंदी स्त्रियांना काय घेता येईल, याचा तपशील त्यात आहे. पुढे त्यांनी पडदाही सोडला. पतीसोबत आलेली पत्नी तिथल्या जगाचा स्वतःसाठी अर्थ लावू लागली, ही या काळातील मोठी गोष्ट.

सामान्य घरांत मात्र शिक्षणामुळे जोडप्यांची ताटातूट होत राहिली. नवरा केंब्रिजला किंवा लंडनला, बायको सासरी किंवा माहेरी, आणि मधे आठवड्याच्या टपालाची बोट. एका पत्राचे उत्तर यायला महिना-सव्वा महिना लागे. काही स्त्रियांनी ही रीत उलटी फिरवली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या वैधव्यात. बालपणीचा विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंनी लंडनमध्ये वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकात युरोपात राहिलेल्या या दोन नामवंत मराठी स्त्रियांपैकी एकीचा पती हयात नव्हता आणि दुसरीने पतीच्या घरी नांदायला न्यायालयात नकार दिला होता.

लग्न टिकवून, पतीच्या पाठिंब्याने जाणे हा पुढचा टप्पा. इरावती कर्वे यांनी १९२६ मध्ये दिनकर कर्वे यांच्याशी लग्न केले आणि १९२८ मध्ये मानववंशशास्त्र शिकायला त्या बर्लिनला गेल्या. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले होते, आता ते पुण्यात राहिले. १९३० मध्ये इरावतीबाई पदवी घेऊन परतल्या. नवऱ्याने मागे राहून घर सांभाळायचे आणि बायकोने युरोपात शिकायचे, हे त्या काळी अत्यंत दुर्मीळ होते. दोघे एकत्र राहिले नसले, तरी परदेशातील मराठी संसाराच्या इतिहासात या जोडप्याचे स्थान महत्त्वाचे आहे: कोणी जायचे हा निर्णय आता घराच्या रीतीवर न ठरता दोघांत ठरू लागला.

१९३२ मध्ये लंडनला महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. न. चिं. केळकर यांचा त्यात पुढाकार होता. आरंभी विद्यार्थ्यांना आणि एकट्या पुरुषांना एकत्र आणणारे हे मंडळ हळूहळू कुटुंबांचे झाले आणि उत्तर लंडनमधील डॉलिस हिल भागात त्याची स्वतःची वास्तू उभी राहिली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबई–लंडन विमान सुरू झाले. बोटीचे दोन-तीन आठवडे दोन दिवसांच्या आत आले.

पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले आणि सुनीताबाई त्यांच्याबरोबर होत्या. या वास्तव्यातून आलेले ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि नवराबायको मिळून विलायतेत राहतात, हे दृश्य मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. त्या काळच्या लंडनमधील भाड्याच्या खोल्या लहान असत. गॅसच्या मीटरमध्ये नाणे टाकले तरच शेगडी आणि उष्णता मिळे, आणि न्हाणीघर अनेक भाडेकरूंत सामाईक असे. वर्णावरून खोली नाकारणे तेव्हा बेकायदा नव्हते. घरे आणि नोकऱ्या यांतील अशा भेदभावाला १९६८ च्या कायद्याने बंदी आली.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली. तिला डॉक्टर कमी पडत होते, म्हणून साठच्या दशकात भारतीय वैद्यकीय पदवीधर मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्यांत मराठी डॉक्टर होते, आणि दोघेही डॉक्टर असलेली जोडपीही होती. परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारतातून निघणाऱ्याला एका टप्प्यावर जेमतेम तीन पौंड नेता येत. पहिल्या पगारापर्यंतचे दिवस ओळखीच्या मराठी घरावर आणि उधारीवर काढावे लागत. रुग्णालयाच्या आवारातील खोलीतून संसार सुरू होई. दोघांच्या पाळ्या उलटसुलट असल्या, की स्वयंपाक ज्याला सुट्टी असेल त्याने करायचा, हा नियम आपोआप पडे. कामासाठी बाई मिळत नाही आणि सासू जवळ नाही, अशा घरात नवऱ्याने पोळी लाटणे ही रोजची गरज बनली. याच पिढीतील मीना प्रभू डॉक्टर म्हणून लंडनमध्ये स्थायिक झाल्या आणि त्यांच्या ‘माझं लंडन’ या पुस्तकामुळे ते शहर मराठी वाचकांना गृहिणीच्या, डॉक्टरच्या आणि नागरिकाच्या नजरेने दिसले.

कायदा मात्र जोडप्याला समान मानत नव्हता. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांच्या ब्रिटनप्रवेशावर मर्यादा आणली, तरी तिथे असलेल्या पुरुषाच्या पत्नीला येता येई. नोकरी करणाऱ्या स्त्रीला आपला पती बोलावून घेणे पुढे बरेच कठीण झाले. १९८५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा लिंगभेद ठरवला. त्यानंतर ब्रिटनने दोघांना सारखा नियम लावला, पण पतींची वाट मोकळी करण्याऐवजी पत्नींचीही अवघड केली.

एकविसाव्या शतकात हा प्रवाह ब्रिटनबाहेर वळला. जर्मनीने २००० मध्ये संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड योजना आणली, नेदरलँड्सने २००४ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांची वेगळी वाट काढली आणि जर्मनीत २०१२ पासून युरोपीय संघाचे ब्लू कार्ड लागू झाले. जर्मनीत जोडीदाराकडे राहायला येणाऱ्या पतीला किंवा पत्नीला २००७ पासून प्राथमिक जर्मन येणे आवश्यक झाले. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र ती अट नाही आणि आल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. जळगाव किंवा पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या खान्देशी मुलामुलींना या वाटा खुल्या झाल्या, आणि कागदोपत्री तरी जोडीदार केवळ अवलंबून असलेली व्यक्ती राहिला नाही.

कागदाची सुरुवात मात्र गावातून होते. पूर्वी लग्नपत्रिका आणि वऱ्हाडाची साक्ष पुरे होती. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणीची व्यवस्था नव्याने बांधली आणि गावपातळीवर ती ग्रामसेवकाकडे आली. त्यामुळे पहूर पेठेत लागलेल्या लग्नाचा ग्रामपंचायतीचा दाखला परराष्ट्र खात्याच्या प्रमाणीकरणातून आणि भाषांतरातून जाऊन युरोपातील नगरपालिकेच्या टेबलावर पोहोचतो. इथे मराठी नावाची रचना अडचणीची ठरते. स्वतःचे नाव, मधे वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव, ही आपली रीत तिकडच्या अर्जात बसत नाही. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मुलीची पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असतो. दोन्ही नावांची बाई एकच आहे, हे तिला पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते.

पोहोचल्यावर पहिले काम पत्त्याची नोंदणी. जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. बँक खाते, विमा आणि कर यांची गाडी तिच्यावर चालते. भाड्याच्या अनेक जर्मन घरांत स्वयंपाकघराची जागा रिकामी असते. ओटा, शेगडी आणि कपाटे भाडेकरूने आणायची किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायची. म्हणजे चूल मांडण्यापासूनच संसार सुरू होतो, अगदी शब्दशः. रविवारी दुकाने बंद असतात आणि शांतता पाळावी लागते, त्यामुळे शनिवारी बाजार आणि घरातील खडखडाटाची कामे उरकली जातात. कागद, काच, प्लास्टिक आणि ओला कचरा वेगळा ठेवायचा, रिकाम्या बाटल्या दुकानात देऊन अनामत परत घ्यायची, ही सवय काही आठवड्यांत अंगवळणी पडते.

खान्देशी चवीची तडजोड त्यामानाने अवघड. भरिताचे वांगे इकडे तुरीच्या काड्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर भाजतात. जळगावच्या हिरव्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिकडे जांभळे वांगे ओव्हनमध्ये भाजले जाते आणि धुराचा वास राहून जातो. उघड्या आचेचा प्रयत्न केला, तर छताला लावलेले धुराची सूचना देणारे यंत्र वाजू लागते. कळण्याच्या भाकरीचे पीठ, बिबडे, कुरडया, शेवभाजीचा काळा मसाला हे गावाकडून बॅगेत येते. तूप आणि खवा मात्र बॅगेत घालता येत नाही, कारण युरोपीय संघ प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणू देत नाही. जळगावची ओळख असलेली केळी तिकडे बारमाही मिळतात, पण ती लॅटिन अमेरिकेची असतात. ती खाताना जळगावची आठवण येणे स्वाभाविक आहे.

संपर्काची गती सर्वांत जास्त बदलली. बोटीचे टपाल गेले, निळे एरोग्राम आले, मग ट्रंक कॉल, नव्वदच्या दशकात गावोगावचे पीसीओ आणि आता हातातला व्हिडिओ कॉल. मध्य युरोप भारताच्या साडेचार तास मागे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. पहूरला रात्रीची जेवणे उरकतात, तेव्हा तिकडे कार्यालय सुटते. दिवसभर इंग्रजी आणि जर्मन किंवा डच बोललेली माणसे त्या अर्ध्या तासात जामनेर भागातील तावडी बोलीत बोलतात. सणांचा मेळ मात्र बसत नाही. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला खान्देशात सासुरवाशीण माहेरी येते, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. युरोपात तो कामाचा दिवस असतो. झोका आणि गाणी लेकीला पडद्यावर पाहावी लागतात.

काही वर्षांनी परतायचे की तिकडचे नागरिकत्व घ्यायचे, हा प्रश्न येतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळते, त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारशाने मात्र मिळू शकते. त्यामुळे पासपोर्ट बदलला, तरी वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव लागू शकते आणि वाघूरकाठच्या जमिनीचे नाते तुटत नाही. युरोपातून गावी आलेले जोडपे पहूरला येते ते आता रस्त्यानेच. पाचोरा–जामनेर गाडी २०२० मध्ये बंद झाली आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेज रूपांतर मंजूर झाले आहे. तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यायला हे जोडपे जाते, तेव्हा हणमंतरावांना परतल्यावर जे प्रायश्चित्त टळत नव्हते, त्याबद्दल या दोघांना कोणी विचारत नाही. विचारतात ते ओळखीचे कागद, आणि ते आता दोघांच्याही नावाचे असतात.