नानाकाका आणि रूबी

तर झालं असं, की २००६ च्या उन्हाळ्यात आमचे नानाकाका दोन महिने आमच्याकडे ऑरेगनला आले होते. पोर्टलंडची गुलाबाची बाग झाली, पॉवेल्सचं पुस्तकांचं दुकान झालं, मल्टनोमा धबधबा झाला. मग एका संध्याकाळी मी त्यांना हिल्सडेलला नेलं. पाहुण्यांना दाखवावं असं तिथे काही नाही. साधी वस्ती, किराण्याचं दुकान, शाळा... आणि माझं लाडकं 'हिल्सडेल ब्रूअरी अँड पब्लिक हाऊस'.

गोची अशी, की काका थेंबालाही न शिवणारे, आणि वर दारूबंदी खात्यातून रिटायर झालेले! १९५७ साली सबइन्स्पेक्टर म्हणून लागले, तेव्हा आपल्याकडे कडक दारूबंदी होती. "तिथे शाकाहारी बर्गर चांगला मिळतो," एवढंच सांगून मी त्यांना गाडीत बसवलं. खोटं नव्हतं ते. गार्डनबर्गर नावाचा तो प्रकार पोर्टलंडशेजारच्या ग्रेशममधल्या पॉल वेनर यांच्या हॉटेलात जन्मला. उरलेल्या भातापासून! काकांनी तो आवडीनं खाल्ला. मग भिंतीपलीकडची पिंपं बघून विचारलं, "इथेच गाळतात आणि इथेच विकतात? परवाना कसा मिळाला?"

खात्याचा माणूस. प्रश्न बरोबर मुद्द्याचा होता.

ऑरेगननं दारूबंदी १९१६ मध्येच आणली, देशाच्या चार वर्षं आधी. १९३३ मध्ये बंदी उठली, पण गुत्ते पुन्हा दारू कारखानदारांच्या मुठीत जातील ही धास्ती राहिली. म्हणून बनवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, असा दंडक. मोठ्यांचं त्यानं अडलं नाही. अडलं ते मागच्या खोलीत चार पिंपं लावून पुढच्या टेबलावर ग्लास देऊ पाहणाऱ्याचं. १९८० नंतर पोर्टलंडचे माइक आणि ब्रायन मॅकमेनॅमिन हे भाऊ, विडमर बंधू, पाँझी पती-पत्नी अशी मंडळी विधिमंडळाचे उंबरे झिजवू लागली. त्यांचं मूळ विधेयक अडकलं. शेवटी घरगुती लॉजवाल्यांसाठीच्या दुसऱ्याच एका विधेयकात त्यांचं कलम घुसवलं गेलं, आणि जुलै १९८५ मध्ये गव्हर्नर अटिये यांनी सही केली. त्याच वर्षी हिल्सडेलला पहिलं पिंप लागलं. मग काय, पोरखेळच. या लोकांनी बिअरमध्ये मार्स चॉकलेटंसुद्धा टाकून बघितली! रासबेरी घातलेली 'रूबी' मात्र टिकली. माझ्यापुढे तीच होती.

"म्हणजे जूनमध्ये आरोपी, आणि ऑगस्टमध्ये कारखानदार," काका म्हणाले. त्यांनी माझा ग्लास उचलला, वास घेतला आणि बराच वेळ तसाच हातात धरून ठेवला.

"एक बाई होती रे," ते म्हणाले. "नवरा वारलेला. ओढ्याकाठी गुळाचं रसायन पुरून ठेवायची. चार वेळा पकडली मी. पाचव्यांदा स्वतःच जागा दाखवली. म्हणाली, साहेब, शोधण्यात वेळ घालवू नका, पोरं घरी एकटी आहेत, लवकर न्या नि लवकर सोडा."

मी गप्प.

"नवसागर नाही घालायची ती. बाकीचे सर्रास घालायचे. ही जांभळं घालायची. डबा फोडला की ओढा जांभळा व्हायचा." थोडं थांबून म्हणाले, "पंचनाम्यात मी जांभळांचं लिहिलं नाही कधी. रकानाच नव्हता तसला."

हे काकांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. काकूलाही नाही, असं मला नंतर कळलं. (काकू, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, मी इतकी वर्षं पोटात ठेवलं.) काकांची नोकरी स्वच्छ होती, एक पैसा कधी खाल्ला नाही, याचा घरात सगळ्यांना अभिमान. मलाही आहे. पण त्या संध्याकाळी त्यांना त्या अभिमानाचं काय करावं ते कळत नव्हतं.

"पुढे काय झालं तिचं?"

"माझी बदली झाली."

बिल आलं. काकांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. "टॅक्स कुठाय?" मी सांगितलं, ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही. बिअर बनवणारा राज्याला पिंपामागे २ डॉलर ६० सेंट भरतो, संपलं.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

त्यांनी बिलाची नीट घडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवली. रूबी कोमट झाली होती. मी ती संपवली आणि आम्ही निघालो.