निकालाचा फलक आणि दाखल-खारीज रजिस्टर

मे-जून महिना आला की मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या मोठ्या गावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. अमक्या शाळेचा निकाल 100 टक्के, तमक्याची नवोदयला निवड. अभिनंदन करायलाच हवं, पोरांनी मेहनत केलेली असते. पण हा फ्लेक्स अर्धीच गोष्ट सांगतो. त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये कोणाची नावं चढली आणि मधेच कोणाची गळाली, हे त्यावर नसतं. आम्ही आंबेडकरवादी म्हणवतो, तर हा दुसरा कागद मागायला आम्हाला बाबासाहेबांनीच शिकवलं आहे.

मागे जाऊ. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नकार मिळाला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारचं म्हणणं काय, तर एका मुलासाठी इतरांवर सक्ती केली तर बाकीची मुलं निघून जातील आणि शाळाच ओस पडेल. म्हणजे शाळा वाचवायची म्हणून एका मुलाला बाहेर ठेवायचं. वरिष्ठांना हे पटलं नाही. 1858 मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर दार उघडलं. प्रत्यक्षात व्हरांडा, वेगळं बसणं, वेगळी शाळा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. धारवाडच्या नकारानंतर तब्बल 63 वर्षांनी, आणि तोही एका संस्थानात!

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 7 नोव्हेंबर 1900 ला भिवा रामजीचं नाव चढलं. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. मिरवणूक, भाषणं, वह्यावाटप होतं. पुढे 27 वर्षांनी त्याच विद्यार्थ्याने मुंबईच्या कायदेमंडळात काय केलं, हे मात्र त्या भाषणांत फारसं येत नाही.

तारीख 12 मार्च 1927. महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आलेला. शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती आणि बाबासाहेब आकडे घेऊन उभे राहिले. त्यांनी आधी एकूण चित्र मांडलं: प्राथमिक शाळेत आलेल्या 100 मुलांपैकी चौथीपर्यंत 18 पोचतात, 82 परत निरक्षर होतात. याच वेगाने गेलो तर शाळेच्या वयाची सगळी मुलं शाळेत यायला 40 वर्षं लागतील आणि मुलींना 300. मग त्यांनी सरकारी अहवालातलीच वर्गवारी पुढे ठेवली. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची मुलं 119, मुसलमानांची 92, मधल्या वर्गाची 38 आणि मागासवर्गाची 18. लोकसंख्येत पुढारलेला वर्ग चौथ्या क्रमांकावर, शिक्षणात पहिल्या. मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा, शिक्षणात शेवटचा.

एकूण आकड्याने सरकारची पाठ थोपटता आली असती. तो फोडून दाखवल्यावर थोपटायला काही उरलं नाही.

हे मुंबई इलाख्याचे आकडे. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळे ते बुलढाण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पद्धत मात्र लावता येते, आणि ती आजच्या निवडीच्या शाळांना लावायची वेळ आली आहे.

नवोदय घ्या. 1985-86 मध्ये देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळा सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीला. बुलढाणा जिल्ह्याची शेगावला आहे. पाचवीतल्या मुलांनी परीक्षा द्यायची आणि निवड झाली तर सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण सरकारी खर्चाने. 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. ही योजना चांगली आहे आणि तिने आपल्या कितीतरी घरांचं नशीब बदललं. सीबीएसईच्या 2024 च्या दहावी निकालात नवोदयचं प्रमाण 99 टक्क्यांच्या वर होतं. पण संपूर्ण जिल्ह्यातून चाळून घेतलेली जास्तीत जास्त 80 मुलं एका वर्गात असतील, तर त्या निकालात शिकवण्याचा वाटा किती आणि चाळणीचा किती? जानेफळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींकडे चाळणी नसते. दारात येईल ते मूल ते घेतात. दोघांचे टक्के शेजारी ठेवून ‘झेडपी शाळा नापास’ म्हणणारे धारवाडचाच हिशेब करतात: शाळेचं नाव मोठं, मूल बाहेर राहिलं तरी चालेल.

आणि आता थोडं आपल्याच घरात बघू. नवोदयला उत्पन्नाची अट नाही. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असली की पुरे, मग ती खाजगी इंग्रजी शाळा का असेना. त्यामुळे आपल्या राखीव जागेवरही नोकरदाराचं, क्लास लावलेलं पोर आणि ऊसतोडीला गेलेल्या मायबापाचं पोर एकाच चाळणीत पडतं. हे बोललं की काही बांधवांना राग येतो. येऊ द्या. 1927 चा हिशेब दुसऱ्यांना लावायचा आणि स्वतःला लावायचा नाही, हे आम्हाला मान्य नाही.

आकडे काही गुप्त नाहीत. यू-डायसमध्ये प्रत्येक शाळा मुलांची प्रवर्गनिहाय नोंद दरवर्षी भरते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. त्या जागेवर बसलेली आपली वहिनी-ताई बैठकीला फक्त सहीपुरती जात असेल, तर पुढच्या बैठकीला तिच्यासोबत चार प्रश्न लिहून पाठवा. पहिलीत किती आले? पाचवीत किती उरले? कोणत्या प्रवर्गाचे, मुली किती? नवोदयचा फॉर्म भरायला शाळेने कोणाला सांगितलं आणि कोणाला सांगितलंच नाही? उत्तर तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या, नाही दिलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. येत्या 7 नोव्हेंबरला वह्या वाटताना ही पाच वर्षांची यादीही विहारात वाचून दाखवू.