स्टॅनफर्ड विद्यापीठाचें दानपत्र व रॉस-प्रकरण

ताम्रपट वाचणाऱ्यांस हें सांगावयास नको कीं, उदकपूर्वक दिलेल्या अग्रहारावर दात्याचें स्वामित्व उरत नाहीं. ‘न मम’ म्हणून तो मोकळा होतो व पुढील राजांनींही दान हरण करूं नये, असें शापवचनासह बजावितो. अमेरिकेंतील एका दानपत्रांत नेमकी ह्याच्या उलट तरतूद होती. तिचा परिणाम येथें सांगत आहों.

सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड व त्यांची पत्नी जेन यांनीं, १८८४ त वारलेल्या एकुलत्या मुलाच्या स्मरणार्थ, ११ नोव्हेंबर १८८५ रोजीं कॅलिफोर्नियांत विद्यापीठाचें दानपत्र केलें. विश्वस्त नेमले खरे. पण त्यांचे अधिकार संस्थापकांनीं हयातीपर्यंत आपणांकडेच राखिले. १८९३ त लेलंड निवर्तले आणि सर्व सत्ता बाईंच्या हातीं आली.

एडवर्ड रॉस तेथें अर्थशास्त्र व समाजशास्त्र शिकवीत. १८९६ च्या निवडणुकींत त्यांनीं पुस्तिका लिहून रुप्याच्या नाण्याचा पक्ष घेतला. शहरांतील ट्रामगाड्या नगराच्या मालकीच्या असाव्या, असेंही ते बोलत. मे १९०० मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं जपानी मजुरांच्या आगमनाविरुद्ध भाषण केलें. सेंट्रल पॅसिफिकचा मार्ग तर बहुतांशीं चिनी मजुरांनीं बांधलेला! ह्या भाषणांतील वंशद्वेष आम्हांस निंद्य वाटतो, व बाईंचा राग केवळ स्वार्थमूलक होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अशा मताचें खंडन पंडितांनीं करावयाचें. दात्यानें अध्यापकाची वृत्ति बंद करणें हें खंडन नव्हे.

बाईंनीं विद्यापीठाचे अध्यक्ष जॉर्डन यांस पत्र लिहून रॉस यांस काढण्याचा आग्रह धरिला. जॉर्डन यांनीं कांहीं काळ रदबदली केली, शेवटीं ते नमले; नोव्हेंबरांत रॉस बाहेर पडले. इतिहासाचे अध्यापक जॉर्ज हॉवर्ड यांनीं वर्गांत निषेध केला. माफी किंवा राजीनामा, असा प्रश्न येतांच त्यांनीं राजीनामा दिला. तरुण तत्त्वज्ञ आर्थर लव्हजॉय हेही १९०१ त सोडून गेले. अर्थशास्त्रज्ञांनीं सेलिग्मन यांच्या नेतृत्वाखालीं चौकशी केली, पण जॉर्डन यांजकडून त्यांस पुरतीं उत्तरें मिळालीं नाहींत.

१९०३ त बाईंनीं आपले अधिकार विश्वस्तांच्या स्वाधीन केले. आमच्या परिभाषेंत, दान तेव्हां पुरें झालें. १९१५ त लव्हजॉय व जॉन ड्यूई यांच्या पुढाकारानें अमेरिकन अध्यापकांचा संघ स्थापन झाला. अध्यापकास विश्वस्त नेमीत असले तरी तो त्यांचा चाकर नव्हे, जसा न्यायाधीश नेमणाऱ्या शासनाचा चाकर नसतो, असें त्या संघानें त्याच वर्षीं जाहीर केलें. तें निवेदन तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख सेलिग्मन हेच होते.