हौशी टेनर
गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या विनोदी संगीतिकांचा इतिहास लंडनच्या सॅव्हॉय रंगमंदिरापुरताच लिहिला जातो, आणि म्हणून तो अपुरा राहतो. इंग्लंडच्या गिरणगावांत दिवसा कारकुनी करणारा हौशी टेनर वर्षातून काही रात्री ‘मिकाडो’चा (१८८५) नायक नँकी-पू होई. पुरुषांच्या गळ्यातला हा उंच आवाज दुर्मीळ. त्यामुळे केस पिकले तरी तरुण नायकाची भूमिका पुष्कळदा त्याच्याकडेच राही. गिल्बर्टच्या संहितांचे हक्क १९६१अखेर संपेपर्यंत प्रयोगाला मूळ निर्मात्या डॉयली कार्ट मंडळीची परवानगी लागे. उरलेल्या संध्याकाळी तो कर्वेनच्या ‘टॉनिक सोल्-फा’ने गाणे शिकवी, आपल्या सारेगमप्रमाणे ही पद्धतही स्वर अक्षरांनीच ओळखते. १९८२ साली ती मंडळी बंद पडली, तेव्हा गावोगावच्या सभागृहांत या संगीतिका चालूच होत्या, अशा शिक्षकांनी तयार केलेल्या गळ्यांवर.